पुन्हा इलेक्ट्रिकच पिकअप घ्यावा का?

रानवाट

माझ्या इलेक्ट्रिक पिकअपचं लीज संपत आलंय. "पुढे काय ठरवलंय?" अशा मेल सुरू झाल्यात आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा. ट्रक कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढचे सगळे प्रतिसाद गाडी सोडून त्या कंपनीच्या मालकावर जातात, हे इथे नेहमीचंच.

आधी जे आवडलं ते. रोजच्या वापराला हा ट्रक म्हणजे निव्वळ सुख. रात्री प्लग लावायचा, सकाळी गाडी तयार. पेट्रोल पंपावर मी आता फक्त टायरमध्ये हवा भरायला जातो. तीन टनांचं धूड, पण पाय दाबला की शेजारच्या लेनमधला माणूस वळून बघतो. इंजिन नसल्यामुळे बॉनेटखाली कुलपाची भलीमोठी डिकी मिळते. हौद्यातलं सामान भिजेल, कुणी उचलून नेईल, ही कटकट तिच्यामुळे संपली.

आता दुखणं. आमच्याकडे कॅम्पर आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, चांगला उंच आणि चौकोनी. तो मागे जोडला की पल्ला निम्म्यावर येतो. कागदावर ३०० मैल, प्रत्यक्षात ९०-१०० मैल झाले की चार्जर शोधायला लागायचं. आणि चार्जरच्या जागा सगळ्या कारच्या मापाच्या, नाक आत घालून उभं राहायच्या. म्हणजे कॅम्पर कुठेतरी कडेला सोडा, जॅक खाली करा, चेन काढा, वायर काढा, ट्रक लावा, आणि मग हे सगळं उलट्या क्रमाने पुन्हा. पावसात केलंय कुणी? तेवढ्या वेळात घरच्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात.

तर प्रश्न असा: पुन्हा इलेक्ट्रिक, की परत इंजिनवाला? कॅम्पर वर्षातला बराच काळ उभाच असतो, पण तो निघतो तेव्हा लांब निघतो. वापरणाऱ्यांनी लिहावं. ज्यांनी फक्त व्हिडिओ पाहिलेत त्यांनीही लिहावं, पण तसं सांगून.

आगाऊ_कार्टा

कॅम्पर विका. धागा संपला.

रानवाट

@आगाऊ_कार्टा, कॅम्पर बायकोचा आहे. तुम्हीच सांगा तिला.

हिशोबनीस

"निम्म्यावर येतो" ही तक्रार सगळेच करतात, पण तो का येतो हे कळलं तर निर्णय सोपा होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका अमेरिकन गॅलन पेट्रोलमध्ये साधारण ३३.७ युनिट ऊर्जा असते. ही अमेरिकी पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची, नेहमीची मोजणी. फोर्ड लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची. भागाकार करा: चार गॅलनसुद्धा होत नाहीत! ३०० मैल जाणाऱ्या ट्रकच्या अख्ख्या बॅटरीत चार गॅलनपेक्षा कमी ऊर्जा आहे. पेट्रोल ट्रकच्या टाकीत पंचवीस-तीस गॅलन सहज मावतात. इंजिन त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग उष्णता म्हणून हवेत सोडतं, पण टाकीच एवढी मोठी की ती उधळपट्टी कुणाला जाणवत नाही. इलेक्ट्रिक ट्रक जेमतेम पैशात टापटीप संसार करतो. खर्च अचानक दुप्पट झाला की लगेच ओढाताण दिसते.

आता हा खर्च वाढवतं कोण? लोकांना वाटतं वजन. सपाट रस्त्यावर वजनाचा वाटा तसा थोडा. चढावर ते जाणवतं, पण उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून त्यातलं काही परत मिळवते. खरा शत्रू हवा. वेग वाढला की हवेचा रोध वर्गाने वाढतो. म्हणूनच रिकामा पण उंच कॅम्पर हा जड पण बुटक्या ट्रेलरपेक्षा जास्त बॅटरी खातो. ताशी ७० मैलांवरून ६० वर आलात, तर दर मैलामागे हवेशी झगडण्यात जाणारी ऊर्जा पाव हिश्शाने कमी होते. करून बघा, डोळ्यांनी दिसेल.

तुमचे ९०-१०० मैल कुठून येतात तेही मांडतो. कॅम्परसह एका युनिटला साधारण एक मैल धरा. प्रवासात ८० टक्क्यांच्या वर कुणी चार्ज करत बसत नाही, कारण तिथून वेग मंदावतो. खाली १० टक्के राखीव. म्हणजे हातात ७० टक्के, १३१ चे ९२ युनिट, म्हणजे ९२ मैल. तुमच्या ट्रकमध्ये बिघाड नाही, गणितच असं आहे. दुसऱ्या कंपनीचा तेवढ्याच बॅटरीचा ट्रक घेतलात तरी हेच होणार.

उडता_पाना

हिशोबनीस, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. पण मग जास्त मोठी बॅटरी हाच उपाय ना? आणि तीच बॅटरी पाच वर्षांनी बदलायची म्हटलं तर अख्खा ट्रक विकावा लागेल.

चाकोरीबाहेर

पाच वर्षांत बदलावी लागते हे कुठून येतं कोण जाणे. कंपन्या बॅटरीवर साधारण ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी देतात, काही जणांची मैलांची मर्यादा त्याहून जास्त आहे. क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर जबाबदारी त्यांची. रोज ८०-९० टक्क्यांवर थांबवायची, उन्हात १०० टक्के भरून दिवसचे दिवस ठेवायची नाही, एवढं पाळलं तरी बरंच झालं.

मोठ्या बॅटरीचं म्हणाल तर ती आहे. शेव्हरलेच्या सिल्व्हराडो ईव्हीमध्ये २०० युनिटच्या पुढची बॅटरी येते. २०२४ च्या कामाच्या आवृत्तीला ईपीएने ४५० मैल दिले होते. कॅम्पर लावूनही त्यात दोनशेच्या आसपास निघतात. पण वजन बघा. शेव्हरले ज्या जीएम कंपनीची, तिचाच हमर ईव्ही ९,००० पौंडांच्या वर जातो आणि त्यातले २,९०० च्या आसपास नुसत्या बॅटरीचे. म्हणजे एका छोट्या कारएवढी बॅटरी रोज भाजी आणायलाही सोबत. टायर झिजतात ते वेगळंच. या गाड्यांचे टायर बदलायला गेलात की दुकानदाराला लोड रेटिंग, म्हणजे टायर किती भार पेलतो ते, आधी विचारा, साध्या एसयूव्हीचे बसवून देणारे भेटतात.

मातीकाम

मी छोटी बांधकामाची कामं घेतो, कॅम्पर वगैरे ओढत नाही. माझ्यासारख्याला उत्तर डोळे झाकून "हो" आहे आणि त्याचं कारण पल्ला नाहीच. कारण हौद्यातले प्लग.

लाइटनिंगमध्ये ९.६ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर काढता येते, टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये ११.५. पूर्वी साइटवर आलो की पहिला अर्धा तास जनरेटरशी झटापट. दोरी ओढा, चोक बघा, पेट्रोल संपलंय का बघा. मग दिवसभर त्याचा भडभडाट, शेजाऱ्यांच्या तक्रारी, माणसाला हाक मारायची तर ओरडून. आता करवत, कॉम्प्रेसर, रात्रीचे दिवे सगळं ट्रकला. करवत सलग चालत नाही, लाकूड मापायचं, खूण करायची, मग चार सेकंद कापायचं. त्यामुळे दिवसाअखेरीस काटा जेमतेम हललेला असतो. साइटवर शांतता असली की माणसं कामही नीट करतात हा माझा अनुभव.

घरची वीज गेली तर हाच ट्रक घर चालवतो. अमेरिकेतलं सरासरी घर दिवसाला ३० युनिटच्या आसपास घेतं, हात राखून वापरलं तर कितीतरी कमी. १३१ युनिट म्हणजे चार दिवस. फक्त एक गोष्ट कळकळीने सांगतो. घराला जोडायचं तर ट्रान्सफर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या लाइनपासून तोडून ट्रकवर घेणारा स्विच, पाहिजेच, इलेक्ट्रिशियनकडून बसवलेला. दोन्ही टोकांना पुरुष पिन असलेली वायर करून भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसणारे महाभाग पाहिलेत. ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणारा माणूस मरू शकतो.

गारठा

थंड प्रदेशातल्यांचंही ऐका. हिवाळ्यात पल्ला पाव-एक टक्क्याने नव्हे, चांगला पाव हिश्शाने किंवा जास्तही कमी होतो. दोन कारणं: थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि आतला हीटर बॅटरीवरच चालतो. पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते, इथे प्रत्येक ऊब विकत. छोट्या छोट्या फेऱ्यांत सगळ्यात वाईट, कारण दर वेळी गार झालेली गाडी पुन्हा तापवायची.

वापरलेला ट्रक बघत असाल तर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारा, कमी वीज खाणारा हीटर, आहे का ते तपासा. लाइटनिंगला तो २०२४ च्या मॉडेलपासून आला, आधीच्यांना साधा हीटर. आणि निघायच्या आधी प्लगला लावलेला असतानाच गाडी तापवून घ्यायची. सीट आणि स्टिअरिंग गरम ठेवलं, हवा कमी गरम ठेवली तरी भागतं.

डिझेलगाडी

रानवाट दादा, मी उलट वाट चाललो म्हणून लिहितो. दोन वर्षं इलेक्ट्रिक पिकअप, आता परत डिझेल. मी घोड्यांचा ट्रेलर ओढतो, जवळजवळ दर आठवड्याला. जिवंत जनावर मागे असताना चार्जरच्या रांगेत उभं राहणं जमत नाही. ट्रेलर सोडणं तर शक्यच नाही. एकदा उन्हात थांबलो होतो तेव्हा घोड्याचे खूर फळीवर आपटत होते. तो आवाज ऐकला आणि तिथेच ठरवलं.

पण खरं सांगू का, ट्रेलर नसलेल्या दिवशी त्या गाडीची आठवण येते. डिझेल सकाळी सुरू केलं की अख्खी गल्ली उठते. उतारावरून ब्रेकला पाय न लावता यायचो, तेही गेलं. तुम्ही दर आठवड्याला ओढत नसाल तर माझं उदाहरण तुम्हाला लागू नाही.

आगाऊ_कार्टा

मुळात पिकअपच कशाला हवाय? इलेक्ट्रिक कार घ्या, हौदा लागला तर भाड्याने आणा.

रानवाट

रास्त प्रश्न आहे. माती, लाकूड, जुनं फर्निचर असलं सामान माझ्याकडे सतत असतं, हौदा रिकामा क्वचितच. भाड्याचं मीही तपासलं. एक अडचण अशी की भाड्याच्या पिकअपच्या करारात ट्रेलर ओढायला बहुतेक ठिकाणी चक्क मनाई असते. व्यावसायिक वाहनं देणाऱ्यांकडून परवानगीसह घ्यावा लागतो आणि तो सुट्ट्यांत मिळत नाही.

चाकोरीबाहेर

बाजाराकडेही बघा, कारण तुम्ही पहिला ट्रक घेतलात तेव्हाचं जग आता नाही. फोर्डने लाइटनिंग मे २०२१ मध्ये दाखवला, एप्रिल २०२२ मध्ये डिअरबॉर्नच्या कारखान्यातून गाड्या निघायला लागल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या पिढीत चाकं मोटरच फिरवणार, पण सोबत वीज बनवायला इंजिन असेल. पिकअप बनवणाऱ्या रॅमने सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक ट्रकचा बेतच सोडला आणि त्याचं 'आरईव्ही' हे नाव इंजिनवाल्या ट्रकला दिलं: ९२ युनिटची बॅटरी, वर ३.६ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन जनरेटर म्हणून, मिळून ६९० मैल असा कंपनीचा दावा. अमेरिकेतली इलेक्ट्रिक गाडीवरची केंद्राची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली.

तुमच्या कॅम्परचं दुखणं ही जनरेटरवाली गाडी बरोबर ओळखते. रोज प्लगवर, लांबच्या वाटेला पेट्रोल.

उडता_पाना

कागदावर झकास. पण ऑइल बदलणं आलं, कूलंट आलं, एक्झॉस्ट आला, आणि वर बॅटरी आहेच. दोन्ही सासरं सांभाळायची. त्यात नव्या जातीच्या गाडीचं पहिल्या वर्षाचं मॉडेल मी तरी कुणाला घेऊ देणार नाही. किमान दोन हिवाळे दुसऱ्यांचे जाऊ द्यात.

वळणवाट

मी आणि नवरा इलेक्ट्रिक पिकअपला कॅम्पर लावून फिरतो, अजून चालू आहे. चार्जरची झटापट आम्ही जवळपास बंद केली, कारण आम्ही चार्जर सोडून कॅम्पची जागा धरून प्रवास आखतो.

कॅम्पच्या मोठ्या जागांवर ५० अँपिअरचा विजेच्या प्लगचा खांब असतो, मोठ्या कॅम्परसाठी. त्यातून सलग ४० अँपिअर घेता येतात, २४० व्होल्टने ९.६ किलोवॉट. दहा तास झोपलात की ९६ युनिट. म्हणजे संध्याकाळी १५ टक्क्यांवर पोचलात तरी सकाळी जवळपास भरलेला ट्रक. दिवसाला एक मधला थांबा, दीड-पावणेदोनशे मैल, बास. तेवढ्यावर आमचं भागतं. ज्यांना दिवसाला पाचशे मैल कापायचेत त्यांनी इकडे फिरकू नये.

दोन गोष्टी मात्र आधी फोन करून विचारा. सगळे मालक ट्रक चार्ज करू देत नाहीत, काही जण वेगळे पैसे लावतात. आणि एकाच खांबावर कॅम्परचा एसी आणि ट्रक दोन्ही लावले तर ब्रेकर पडतो, तेव्हा ट्रकचं चार्जिंग अ‍ॅपमधून कमी अँपिअरवर आणायचं. जागा निवडताना खांब ३० चा की ५० चा हे नीट बघा, ३० वर रात्र पुरत नाही.

मधल्या थांब्याला पेट्रोल पंपासारखे आरपार जाता येणारे चार्जर शोधायचे. अ‍ॅपमध्ये तसं गाळून बघता येतं. संख्या थोडी आहे, पण वाढतेय. टेस्लाचे चार्जर फोर्डसारख्यांना फेब्रुवारी २०२४ पासून अडॅप्टरने खुले झाले. मात्र केबल आखूड आणि आपलं चार्जिंगचं झाकण भलतीकडे, त्यामुळे दोन जागा अडतात आणि मागचा माणूस डोळे वटारतो.

रानवाट

@वळणवाट, हे ५० अँपिअरचं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी खांबाकडे फक्त कॅम्परचा म्हणून बघत होतो. ताई, मनापासून आभार. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दिवसाला दीडशे मैल म्हणजे दुपारी पोचणार, मला चालेल." इथे अर्धी लढाई जिंकली!

आता व्यवहाराचं. लीजची हीच गाडी विकत घेऊन टाकू का?

हिशोबनीस

थांबा. करारातली शेवटची किंमत लीज घेताना ठरलेली असते, आणि त्या काळात इलेक्ट्रिक ट्रकच्या किमती चढ्या होत्या. त्यानंतर वापरलेल्यांचे भाव बरेच उतरले. बहुतेकांच्या करारातला आकडा आज बाजारभावाच्या वर आहे. घसरणीचा फटका लीज देणाऱ्याला बसू द्या, तो त्याचा धंदा आहे. गाडी परत करा आणि तसलाच, किंवा मोठ्या बॅटरीचा, वापरलेला घ्या. ज्या घसरणीला विकणारे रडतात तीच घेणाऱ्याची सवलत.

घेताना मैलांपेक्षा बॅटरीची तब्येत बघा. ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र, लावून क्षमता वाचता येते. पूर्ण चार्ज करून, ठरलेल्या वेगाने फिरवून किती युनिट लागले हेही बघता येतं. गाडी ट्रेलरला जुंपून चालवलेली आहे का, हे हिचच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या, गोळ्यावर आणि सात पिनच्या सॉकेटवर दिसतं. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, सरकारी संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने परत बोलावणं, बाकी आहेत का ते तपासा. ही औपचारिकता समजू नका. मार्च २०२५ मध्ये सायबरट्रकच्या ४६,०९६ गाड्या छताच्या कडेची पट्टी सुटू शकते म्हणून परत बोलावल्या होत्या. जुन्या मालकाने ते काम करून घेतलंय का, हे तुम्हालाच बघावं लागणार.

मातीकाम

आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारा) आणि टोइंगचं, म्हणजे ट्रेलर ओढायचं, पॅकेज आहे का ते खात्री करून घ्या. एकाच मॉडेलमध्ये पॅकेज नसेल तर ओढायची क्षमता बरीच खाली येते. जाहिरातीत "१०,००० पौंड" असतं, तुमच्या हातातल्या गाडीत ते असेलच असं नाही. दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा.

डिझेलगाडी

+१. आणि कॅम्परच्या वजनाबरोबर हिचवर येणारं वजन मोजा. ट्रकमध्ये माणसं, कुत्रा, सामान भरल्यावर किती शिल्लक राहतं ते कुणी बघत नाही. बॅटरीनेच ट्रक इतका जड झालेला असतो की भार वाहायची उरलेली क्षमता कधी कधी डिझेलवाल्यापेक्षा कमी निघते.

रानवाट

ठरलं. लीज परत करतोय, मोठ्या बॅटरीचा, हीट पंपवाला वापरलेला इलेक्ट्रिक बघतोय. जनरेटरवाल्या गाड्यांचा विचार पुढच्या खेपेला. लांबच्या प्रवासात ५० अँपिअरच्या जागा आधी बुक करायच्या, ताशी ६० च्या वर जायचं नाही. डोंगर चढून पलीकडे जायचा जो एक प्रवास आम्ही करतो, तो जमतो की नाही हे यंदा बघू. नाही जमला तर त्या वेळेपुरता परवानगीसह डिझेल भाड्याने घेईन, आधी बुक करून. @आगाऊ_कार्टा, कॅम्पर राहिला.

आगाऊ_कार्टा

वहिनींना नमस्कार सांगा.

हिशोबनीस

परत करताना गाडीसोबत आलेली चार्जिंग केबल आणि अडॅप्टर यादीत आहेत का बघा. कमी भरले तर पैसे लावतात. टायरची खोलीही आधीच मोजून घ्या, या वजनात पुढचे टायर मर्यादेखाली गेलेले असू शकतात, आणि बाहेरून बदलून दिलेले स्वस्त पडतात.

रानवाट

टायर आजच मोजतो. अडॅप्टर मी वेगळा विकत घेतला होता, तो माझाच. केबल गॅरेजमध्ये कुठेतरी आहे.